रामटेक्यांची पेन्सिल

गेल्या महिन्यात अश्विनी नावाच्या एका मुलीचा फोन आला. नागपुरातल्या ज्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, तिथे ती आता संशोधन करते. विभागाच्या अडगळीत तिला जुन्या चिठ्ठ्यांचे खोके सापडले होते आणि ती त्या एकेक करून संगणकात भरत होती. एखादं झाड कुठे जगू शकेल याचा नकाशा आता संगणक काढतो, पण त्यासाठी जुन्या नोंदी लागतात.

"सर, एक चिठ्ठी तुमच्या सहीची आहे," ती म्हणाली. "खैरीचा माळ, भाद्रपद, तीन तास शोध, भुईआमरी आढळली नाही. ही धरू ना?"

मी म्हटलं, लिहून कळवतो. फोन ठेवला आणि कागद पुढे ओढला. तिला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण ती चिठ्ठी ज्यांनी कोरी माझ्या हातात दिली होती, त्या सुखदेव रामटेक्यांबद्दल सांगितल्याशिवाय ते उत्तर पुरं होणार नाही.

मी कॉलेजात लागलो तेव्हा साठचं दशक अर्धं सरलं होतं. रामटेके विभागात प्रयोगशाळा सहायक होते, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. बुटके, काटक, खाकी सदरा, उजव्या कानावर पेन्सिल. वाळवलेल्या झाडांची कपाटं त्यांच्या ताब्यात असत. झाडं दाबून ठेवायला जुनी वर्तमानपत्रं लागतात, आणि ती उलटताना रामटेके ती वाचत. त्यामुळे त्यांच्या बातम्या जगाच्या दोन वर्षं मागे असत. कोणी तरी पुढारी निवडून आल्याचं ते आम्हाला उत्साहाने सांगत, तेव्हा तो बिचारा पडलेलाही असे.

ते मला सर म्हणत आणि मी त्यांना नुसतं रामटेके. तेव्हा ते मला खटकलंसुद्धा नाही.

पहिल्याच महिन्यात मी एक झाड आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नागपूरजवळ'. त्यांनी चिठ्ठी वाचली, झाड तसंच ठेवलं आणि विचारलं, "जवळ म्हणजे कुठं, सर?"

मी म्हटलं, असेल दहाबारा मैलांवर, काटोल रस्त्याला.

"विमानातून पाह्यलं तं दिल्लीही नागपूरजवळच आहे," ते म्हणाले. मग कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. गाव कोणतं, नाला कोणता, नाल्याच्या कोणत्या अंगाला, उतार आहे की सपाट, जमीन काळी की मुरमाड. मला यातलं निम्मंही सांगता येईना. शेवटी ते झाड त्यांनी कपाटात न ठेवता खिडकीत ठेवलं. "शोभेले चांगलं आहे," म्हणाले. ते वर्षभर तिथे होतं.

त्यांचा स्वतःचा असा एकच ध्यास होता, भुईआमरी. ही जमिनीवर वाढणारी, वीतभर उंचीची आमरी, म्हणजे ऑर्किड. वर्षातले अकरा महिने ती कंद होऊन मातीत असते. पावसाळा सरता सरता पान वर येतं, पांढरट हिरवी फुलं लागतात आणि तीन-चार आठवड्यांत सगळं संपतं. त्या दिवसांत तिच्यावरून शंभर माणसं चालत गेली तरी दहांनाही ती दिसायची नाही. नागपूरच्या पश्चिमेला काळा पाषाण आणि पूर्वेला जुना खडक. या दोन जमिनींच्या सांध्यावर ती नेमकी कुठे कुठे राहू शकते, हे रामटेक्यांना शोधून काढायचं होतं. त्यांनी जिल्ह्याच्या नकाशावर चौकोन आखले होते. जिथे आमरी मिळाली तो चौकोन हिरवा. आपल्याच हौसेने सुरू केलेल्या या कामात त्यांनी पुढे सगळ्या विभागाला ओढलं.

पहिल्या दोन वर्षांत नकाशावर बरेच हिरवे चौकोन झाले. ते सगळे अमरावती रस्ता, काटोल रस्ता आणि रेल्वेच्या रुळांच्या कडेने होते. मी विभागप्रमुखांपुढे सिद्धांत मांडला, की या आमरीला मोकळ्या, रहदारीच्या कडा आवडतात. रामटेके मागे उभे राहून कात्रीने पुठ्ठे कापत होते. मान वर न करता म्हणाले, "सर, ही आमरीची जागा नाही. ही तुमच्या स्कूटरची जागा आहे."

विभागप्रमुख इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या वर्षापासून नियम झाला. रस्त्यापासून दूर असलेले चौकोन आधी, सायकलने किंवा पायी. आणि एका चौकोनात पन्नास झाडं मिळाली तरी चिठ्ठी एकच. नाही तर जिथे आपण पुन्हा पुन्हा जातो तीच जागा झाडाला प्रिय आहे असं वाटायला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

नकाशा काढायची त्यांची रीत खिडकीवरची होती. पारदर्शक कागदांवर ते एकेक गोष्ट काढत. एका कागदावर पाऊस, एकावर माती, एकावर उतार. आमरीला जे चालत नाही ते शाईने भरून टाकत. मग सगळे कागद एकावर एक ठेवून विभागाच्या पूर्वेच्या खिडकीला लावत. सकाळच्या उन्हात जिथून उजेड आरपार येई, तिथे आमरी असायला हवी. विभागप्रमुखांना वाटे, जितके कागद जास्त तितकं शास्त्र मोठं. त्यांनी एकदा अकरा कागद लावायला लावले. त्यात तालुक्यांच्या हद्दीही होत्या.

"साहेब, तुमच्या अकरा कागदांनं खिडकीच बंद झाली," रामटेके म्हणाले. "अन् आमरीले तालुका ठाऊक आहे काय? ती कोणत्या तहसीलदाराले विचारून उगवते?"

शेवटी चार कागद राहिले. कोणी वैनगंगेपलीकडचा पाहुणा आला आणि आमच्याकडे ही आमरी मिळेल का म्हणून विचारू लागला, की रामटेके हात जोडत. "माझा कागद वैनगंगेपाशी संपते. त्याच्या पुढचं मी सांगितलं तं ते भविष्य होईन."

माणसांबद्दलही त्यांची हीच रीत होती. छप्पनच्या दसऱ्याला दीक्षेच्या मैदानावर ते पाणी वाटायला होते. त्या दिवशी किती लोक आले होते, हा प्रश्न त्यांना नेहमी विचारला जाई. मोठा आकडा ऐकायचा असे लोकांना. रामटेके शांतपणे सांगत, "माझ्या रांजणापाशी आले तेवढे मी पाह्यले. दिवसभर रांजण रिकामा झाला नाही असं नाही, अन् माणूस संपला असंही नाही. बाकीचं त्यायले विचारा जे दुसऱ्या रांजणापाशी होते."

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आलेल्या चिठ्ठ्यांतली प्रत्येक चौथी चिठ्ठी ते न वाचता त्यात टाकत. टाकायचं काम चहावाल्याकडून करून घेत, म्हणजे आपला हात आवडीच्या चिठ्ठीकडे जायला नको. डब्याला सुतळी, सुतळीवर लाख. उरलेल्या चिठ्ठ्यांवरून नकाशा पुरा झाल्यावरच तो डबा फुटायचा, आणि डब्यातल्या जागा नकाशातल्या उजेडात येतात का ते पाहायचं. पहिल्यांदा डबा फोडला तेव्हा सगळा विभाग निकाल लागल्यासारखा जमला होता. डब्यात बारा चिठ्ठ्या होत्या. नऊ उजेडात पडल्या, तीन अंधारात. विभागप्रमुखांनी आलुबोंडे मागवले. रामटेक्यांनी त्या तीन चिठ्ठ्या घडी घालून खिशात टाकल्या.

"नऊ तं आपल्या ओळखीचे निघाले," ते मला म्हणाले. "हे तीन पाहुणे कोण आहेत ते घरी नेऊन पाहतो."

पण त्यांचा खरा जीव होता न सापडल्याच्या चिठ्ठ्यांवर. आम्ही कुठे जाऊन हात हलवत आलो की कंटाळून एक ओळ लिहीत असू. ते ऐकत नसत. किती वेळ शोधलं, किती जण होते, गवत किती उंच होतं, तेव्हा दुसरीकडे आमरी फुलावर होती का, सगळं लिहायचं, आणि तिथेच उभं राहून लिहायचं, घरी येऊन आठवून नाही. "दिसली नाही हे सांगाले जास्त मेहनत लागते, सर. दिसली हे तं कोणीही सांगते." तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या वेळी शोधून आमरी मिळाली नाही, तरच तो चौकोन पांढरा राहायचा. आणि जिथे कोणीच गेलं नव्हतं, ते चौकोन ते पेन्सिलीने राखाडी करत. बारीक, तिरप्या रेघांनी, घाई न करता. पांढरा म्हणजे तिथे आमरी नाही. राखाडी म्हणजे आपण तिथे गेलो नाही. या दोन रंगांची गल्लत केली की हा शांत माणूस चिडत असे. एका विद्यार्थ्याने राखाडी चौकोन घाणेरडे दिसतात म्हणून खोडरबराने पुसले होते. रामटेके त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

आता ती चिठ्ठी.

हिंगण्याच्या बाजूला कारखाने येऊ लागले होते. खैरीच्या माळावर एका कारखान्याला जागा द्यायची होती. जिल्हा कचेरीत तेव्हा झाडापानांची हौस असलेले एक अधिकारी होते. त्यांनी कॉलेजला पत्र पाठवलं, की माळावर राखण्यासारखं काही असेल तर आठवड्याच्या आत कळवा, कारखाना दोनशे पावलं पलीकडे सरकवता येईल. असं त्या काळी कोणी विचारत नसे. रामटेक्यांना इतका आनंद झाला की ते पत्र त्यांनी शिपायालाही वाचून दाखवलं. खिडकीवरच्या नकाशात तो माळ लख्ख उजळत होता. चौकोन मात्र राखाडी होता. कोणी गेलं नव्हतं.

ते स्वतः जाणार होते. पण आदल्याच दिवशी सायकलवरून पडून त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. भाद्रपद संपत आला होता आणि आमरी फुलावर होती. त्यांनी कोरी चिठ्ठी मला दिली आणि म्हणाले, "सर, तुम्ही गेले म्हणजे मीच गेलो."

मी गेलो नाही.

त्या दिवशी रामदासपेठेत मुलगी पाहायला बोलावणं होतं. सकाळी तिथे जायचं, तासाभरात उरकायचं आणि मग माळावर, असा माझा बेत होता. पोहे झाले, चहा झाला, मुलीच्या वडिलांनी जेवायला थांबवलं. मुलगी हसली की तिच्या गालाला खळी पडत होती. मी तीन तास त्या घरात होतो. बाहेर पडलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. धंतोलीला घरी आलो आणि टेबलाशी बसून चिठ्ठी लिहिली. शोधाला लागलेला वेळ, तीन तास. गवत गुडघाभर. आढळली नाही. दुसऱ्या दिवशी एखाद्या वेळी जाऊन येऊ, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलीकडून होकार आला.

रामटेक्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. खिडकीकडे पाहिलं. "नकाशा म्हणते आहे, जमीन म्हणते नाही," ते म्हणाले. "मग जमिनीचंच ऐकावं लागते." कोणी तरी आठवण करून दिली, की आपला नियम तीन चिठ्ठ्यांचा आहे. रामटेके म्हणाले, "सर स्वतः गेले होते. सरांची एक म्हणजे तीन." त्यांनी राखाडी चौकोन खोडरबराने पुसला. मी समोर उभा होतो.

कचेरीला कळवलं गेलं, की विशेष काही नाही. हिवाळ्यात माळाला कुंपण पडलं आणि पुन्हा जाऊन पाहायची वाटही बंद झाली.

एवढ्यावर थांबतं तर मी कदाचित विसरलो असतो. पण रामटेके माझी चिठ्ठी खरी धरून तिच्या मागे लागले. पाऊस तोच, उतार तोच, मुरूम तोच, मग खैरीला आमरी काहून नाही? याचं उत्तर त्यांना हवं होतं. कुंपणाबाहेरची माती त्यांनी डब्यांत भरून आणली, चाळली, भिजवली, वाळवली. मातीचा कागद त्यांनी दोनदा नव्याने काढला. खैरीसारख्या आणखी सात माळांवर मग शाई चढली. आमरी तिथे नसणारच, म्हणून तिकडे कोणी जायचंही बंद झालं. त्यांची पाच-सहा वर्षं यात गेली. रविवारी संध्याकाळी कधी कधी ते मातीचे डबे सायकलला लटकवून माझ्या घरावरून जात. माझी बायको सुमन, म्हणजे तीच खळीची मुलगी, त्यांना आत बोलावून चहा देई. ते गेले की मला म्हणे, "सांगून टाका ना हो. ते रागावणारे नाहीत." तिला मी लग्नानंतर सगळं सांगितलं होतं. त्या तीन तासांत तिचाही वाटा आहे असं तिला वाटत असे. मी म्हणे, सांगतो.

मग त्यांचा भाचा मिलिंद त्या कारखान्यात कामाला लागला. एका भाद्रपदात तो पहिली पाळी संपवून थेट विभागात आला आणि त्याने डब्याचं झाकण मामापुढे ठेवलं. झाकणात ओल्या मातीसकट भुईआमरी होती, फुलावर. भिंतीच्या आतल्या अंगाला हातभर पट्टा आहे, तिथे कोणी फिरकत नाही, तिथे अशी पंधरावीस आहेत, तो म्हणाला. "बाकी सारी शेडखाली गेली असन, मामा. म्हातारे लोक सांगतात, आधी माळ भरून राहत जाय."

रामटेक्यांनी ते झाकण दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं, आता ते माझ्याकडे पाहतील. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. आनंद आणि दुःख एकाच चेहऱ्यावर मी तेव्हा पाहिलं. नकाशा बरोबर होता. पहिला, खोडायच्या आधीचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, की चूक त्यांची आहे. "एका चिठ्ठीवर चौकोन पांढरा केला. नियम माझाच होता अन् मीच मोडला. पाय बरा झाल्यावर भिंतीवरून तरी डोकावून पाहाले पाह्यजे होतं." विभागप्रमुख म्हणाले, चालायचंच. बाहेरून आलेला एक मोठा तज्ज्ञ तेव्हा विभागात होता. तो म्हणाला, सहायकांनी नकाशे काढले की असंच होतं. यावर दोघेतिघे हसले. मी खाली पाहत होतो. दिवस संपायच्या आत खैरीचा चौकोन रामटेक्यांनी हिरवा केला. शाई चढलेले ते सात माळ पुन्हा राखाडी केले. माझी चिठ्ठी तशीच खोक्यात राहिली, कारण लिहिलेली नोंद ते फाडत नसत. कोणी फुलं आधीच तोडली असतील, म्हणूनही सरांना दिसली नसेल, असं ते म्हणाले. माझ्या वतीने कारण त्यांनीच शोधून दिलं.

ऐंशीनंतर ते निवृत्त झाले. तोवर विभागप्रमुखाच्या खुर्चीत मी होतो. धंतोलीच्या एका दवाखान्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, तेव्हा सुमनने मला जवळजवळ ढकलून पाठवलं. सांगितल्याशिवाय येऊ नका, म्हणाली.

ते पलंगावर बसले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, कानावर पेन्सिल, मांडीवर वही. दवाखान्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या पिंपळावर किती जातीचे पक्षी येतात ते लिहीत होते. "एका डोळ्यानं मोजले आहेत, तं तसं लिहून ठेवलं," त्यांनी सांगितलं. सोबत असलेल्या आपल्या मुलीकडून चहा मागवला. मी शब्द जुळवत होतो. जुळवून झाले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले,

"सर, एक विचारायचं राहून गेलं. तुम्ही तेव्हा खैरीच्या माळावर कोणत्या अंगानं चढले होते?"

आवाजात काही नव्हतं. जसं आयुष्यभर विचारलं तसंच विचारलं होतं. वही उघडली होती, पेन्सिल हातात होती. पंधरा वर्षांनी माझ्यापुढे पुन्हा तीच कोरी चिठ्ठी आली होती. आणि मी म्हणालो, "पश्चिमेकडून."

"पश्चिमेकडून," ते म्हणाले. "बरं."

पुढच्या रविवारी मी जन्मात पहिल्यांदा खैरीला गेलो. माळाच्या पश्चिमेला मुरमाची जुनी खदान आहे. तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वर हात पोचणार नाही असा उभा कडा. तिथून कोणी चढलेलं नाही, चढूही शकत नाही. ती खदान रामटेक्यांच्या उताराच्या कागदावर आहे, त्यांच्याच हाताने काढलेली.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले. मी पुन्हा भेटलो नव्हतो. सुमनही आता नाही. त्यानंतरची कित्येक वर्षं विभागाच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या आणि तो खोका माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे होता.

अश्विनी, ती चिठ्ठी धरू नकोस. तिच्यावरचा वेळ, गवत, सगळं रामदासपेठेतल्या एका बैठकीच्या खोलीत घडलं आहे. माळावर कोणी गेलं नव्हतं. तुझ्या संगणकात पांढरा आणि राखाडी वेगळे ठेवायची सोय नसेल, तर आधी ती करून घे. आणि हा मजकूर त्या चिठ्ठीला जोडून ठेव, माझ्या नावासकट.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मी दारातून मागे वळून पाहिलं होतं. रामटेके वहीवर वाकले होते. मला वाटलं, माझं उत्तर लिहून घेत आहेत. पण लिहिताना त्यांचा हात डावीकडून उजवीकडे सरके, तसा तो सरकत नव्हता. एकाच जागी, सावकाश, तिरपा खालीवर होत होता. त्यांनी वहीच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढला होता आणि एका डोळ्याने नीट पाहत ते तो भरत होते.